बारदान वजा जाता

मूल जन्माला आले की त्याचे वजन वाढावे म्हणून घरातली सगळी माणसे झटतात, आणि ते वाढले की एकमेकांना फोन करून कळवतात. हा आनंद नेमक्या कोणत्या वयात थांबवावा, याबाबत स्पष्ट आदेश कुठेही उपलब्ध नाहीत. त्यामुळे पुष्कळ माणसे गाफील राहतात, वाढत जातात, आणि पन्नाशीच्या आसपास एके दिवशी बुटाची नाडी बांधायला वाकली की त्यांच्या लक्षात येते, की आपल्या आणि बुटाच्या मध्ये कोणीतरी उभे आहे.

वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकांच्या हे असेच लक्षात आले. (पुढे जी हिरव्या रसाची कृती येणार आहे ती याच गृहस्थांची. घाई करू नये.) बाजारात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. ते त्यांचे आडनाव नव्हे. दुकानादुकानातले काटे तपासत हिंडायचे म्हणून पडलेले ते नाव होते, आणि ते इतके घट्ट बसले होते की सासुरवाडीची मंडळीही जावईबापू म्हणायचे सोडून काटेसाहेब म्हणू लागली होती.

काटेसाहेबांकडे प्रमाण वजनांची एक पेटी होती. आत खोबणीखोबणीत बसवलेली पितळी वजने, सर्वांत मोठे दहा किलोचे, सर्वांत लहान नखाएवढे. पेटीसकट सगळा ऐवज बराच जड होता, आणि तो उजव्या हातात एखादी पिशवी धरावी तसा धरून काटेसाहेब वर्षानुवर्षे बाजारात शिरत आले होते. शिपाई बरोबर असे, पण त्याने पेटीला हात लावलेला त्यांना खपत नसे. साहेब कोपऱ्यावर दिसले की ओळीतल्या सगळ्या दुकानांत काट्यांवरून एकदम फडकी फिरू लागत. त्या फडक्यांच्या आवाजावर काटेसाहेबांचा जीव होता. गाणे ऐकावे तसे ते तो आवाज ऐकत.

कामात माणूस चोख. पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणारा, तोलताना अंगठा टेकवणारा, वजनाच्या पोटातले शिसे काढून घेणारा, सगळे त्यांनी पकडले होते. "मापात पाप करू नये," एवढेच ते म्हणत आणि दंड लावत. नव्याने भरती झालेल्या निरीक्षकांना ते पहिल्याच दिवशी बारदानाचा धडा देत. बारदान म्हणजे पोते, डबा, खोका, कागद. थोडक्यात, जे काट्यावर चढते पण पोटात जात नाही ते. आधी बारदान तोला, ते वजा करा, उरेल तो माल. "वजन किती, हे गाढवही सांगेल," काटेसाहेब म्हणत. "वजन कशाचं, हे निरीक्षकाने सांगायचं."

असे सगळे सुरळीत चालले असताना खात्याला कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. खात्याला काळजी वाटली की परिपत्रक निघते. यावेळच्या परिपत्रकात बाजारात फिरणाऱ्या निरीक्षकांसाठी दोन कसोट्या होत्या. (अ) उंचीच्या मानाने वजन ठरलेल्या मर्यादेत असावे. (ब) प्रमाण वजनांची पेटी स्वतः उचलून कार्यालयाचे तीन मजले चढता यावेत. जो यांपैकी एकीतही नापास होईल त्याची रवानगी अभिलेख कक्षात. हा कक्ष तळघरात आहे. तिथे खिडकी नाही, गिऱ्हाईक नाही, भांडण नाही. तिथे गेलेला माणूस एकदम निवृत्तीच्या दिवशीच उजेडात येतो, आणि तेव्हा सत्कार करणारे त्याला ओळखत नसतात.

काटेसाहेबांनी कसोटी (ब) नुसती वाचून सोडून दिली, कारण तिच्यात काळजीचे काही नव्हते. कसोटी (अ) वाचून मात्र त्यांच्या पोटात गोळा आला. (तो आधीपासूनच होता, असे कचेरीतले कारकून म्हणाले.) मर्यादेपेक्षा ते अकरा किलोंनी जास्त भरत होते. परीक्षा महिन्यावर आली होती. फडक्यांचा आवाज कायमचा बंद होणार, या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गेले नाही. दोन दिवसांत वजन मात्र रतीभरही हलले नाही.

अशा वेळी घरी साडू आले. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, हे सांगायला नको. पण आपला संसार दुसऱ्या कोणी केला असता तर तो किती झकास झाला असता याचा आपल्या पायांनी घरी चालत येणारा पुरावा म्हणजे साडू, हे सांगायला हवे. साडूंची पँट कमरेवर इतकी सैल झाली होती की पट्ट्याने ती चुण्याचुण्यांनी गोळा करून धरली होती.

"काही नाही हो, डिटॉक्स केलं," साडू म्हणाले. "शरीरातलं विष काढून टाकायचं. वजन आपलं आपण उतरतं."

काटेसाहेबांच्या पत्नीने एकदा साडूंच्या पट्ट्याकडे पाहिले, एकदा नवऱ्याच्या पट्ट्याकडे पाहिले, आणि अत्यंत मायेने नवऱ्याला विचारले, "अजून थोडा भात वाढू का?"

त्याच संध्याकाळी काटेसाहेब शुद्धीच्या मार्गाला लागले.

मार्ग दाखवणारे कोच फोनवर भेटत. कोच पूर्वी मोटारींचे रेडिएटर धुण्याच्या व्यवसायात होते, त्यामुळे अंतर्गत सफाईचा त्यांना दांडगा अनुभव होता. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध आणि समजायला सोपी होती. सकाळी हिरवा रस. दुपारी हिरवा रस. संध्याकाळी, जिभेला चव हवी म्हणून, तोच रस कोमट करून. झोपण्यापूर्वी 'शुद्धीचा चहा', ज्याच्यामुळे माणसाचा पुढचा सगळा वेळ घरातल्या एकाच खोलीत जाई. (रसात काय काय आणि किती घालायचे ते शेवटी दिले आहे.) अंडे, दूध, पाव, डाळ, केळे आणि बटाटा यांना कोच विष म्हणत. चहा मात्र ते स्वतः विकत.

शुद्धी सुरू झाल्यावर शरीरात जे जे होईल त्याचा अर्थही कोचनी आधीच लावून ठेवला होता. डोके दुखले, तर विष डोक्यातून निघते आहे. चक्कर आली, तर ते वेगाने निघते आहे. पायात गोळे आले, तर ते पायांतून वाट काढते आहे. चिडचिड झाली, तर विषाला घर सोडवत नाही. छातीत धडधडले, तर हृदय आनंदित झाले आहे. आणि यातले काहीच झाले नाही, तर विष फार खोलवर मुरलेले असून चहाचे आणखी एक पाकीट लागेल. अशी सर्व बाजूंनी सुरक्षित पद्धत काटेसाहेबांनी सरकारातसुद्धा पाहिली नव्हती.

कोचच्या फोनवरच्या गटात दोनशे सभासद होते. त्यांतले निम्मे रोज सकाळी 'खूप हलकं वाटतंय' असे लिहीत. उरलेले निम्मे काहीच लिहीत नसत. ते इतके हलके झाले असावेत की आता त्यांना फोन उचलत नसेल, असा निष्कर्ष काटेसाहेबांनी काढला आणि ते अधिक जोमाने रस पिऊ लागले.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तोलण्याच्या बाबतीत त्यांनी अंधविश्वास ठेवला नाही. घरातला वजनकाटा त्यांनी कचेरीतली पितळी वजने चढवून तपासला, आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे तार ओवून शिशाची मोहोर मारली. त्या गावात त्यांच्या न्हाणीघरातल्या काट्याइतका खरा काटा दुसरा नव्हता. त्यावर ते रोज सकाळी चढत. चढण्याआधी घड्याळ काढत, अंगठी काढत, चष्मा काढत; मग आकडा दिसत नसे म्हणून चष्मा पुन्हा लावत आणि चष्म्याचे वजन तोंडी वजा करत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मिशी उतरवली. गेल्या कित्येक वर्षांत लोकांनी त्यांना मिशीशिवाय पाहिले नव्हते, पण पाच ग्रॅम ते पाच ग्रॅम.

एकदा पत्नी टॉवेल द्यायला आली आणि दारातच थबकली.

"अहो, भिंतीवरचा हात काढा."

"कुठला हात?"

"तो. डावा. टेकवलाय तो."

"तोल जातोय म्हणून धरलाय."

"हो का? परवा त्या फळवाल्याचा अंगठा टेकला होता, तेव्हा दंड ठोकलात ना? त्याचाही तोलच जात असेल हो."

काटेसाहेबांनी हात काढला. आकडा पाऊण किलोने वर गेला. त्या दिवशी त्यांनी दुपारचा रस अर्धाच घेतला.

पत्नीला हसू येत होते, पण भीतीही वाटत होती, आणि ती तिने लपवली नाही. "तुमची बीपीची गोळी चालू आहे," ती म्हणाली. "ती गोळी लघवीवाटे पाणी काढणारी आहे. वर हा मेला चहा. एकदा डॉक्टरांना विचारा तरी."

"डॉक्टर काय म्हणणार ते मला ठाऊक आहे."

"काय म्हणणार?"

"करू नका म्हणणार."

"मग?"

"म्हणून तर विचारत नाही."

बहुतेक सुशिक्षित माणसे डॉक्टरांचा सल्ला याच पद्धतीने घेतात.

बाजारात आता काटेसाहेब थोडे चालले की पोत्यावर बसू लागले. केळीवाल्या मावशींनी त्यांचा चेहरा पाहून एक केळे पुढे केले. "घ्या साहेब, तोंड कसलं वाळलंय. याचं वजन नका करू," त्या म्हणाल्या. काटेसाहेबांनी विष म्हणून ते नाकारले. पुढच्याच दुकानात ते काट्यासमोर बराच वेळ उभे राहिले. काट्याची सुई डावीउजवीकडे डुलत होती. त्यांनी दोषाचा शेरा मारायला पेन काढले, तसा किराणावाला हात जोडून म्हणाला, "साहेब, चूकभूल माफ करा, पण काटा नाही हो हलत. तुम्ही हलताय."

काटेसाहेबांनी पेन खिशात ठेवले आणि कोचना कळवले. कोच म्हणाले, अभिनंदन.

परीक्षेच्या दिवशी कचेरीच्या तळमजल्यावर सगळे जमले होते. काटेसाहेब अनवाणी काट्यावर चढले. दोन्ही हात छातीशी धरले होते, भिंत दूर होती. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आकडा मोठ्याने वाचला. मर्यादेच्या आत! टाळ्या पडल्या. वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि थोपटताना हाताला हाड लागल्याने त्यांनी ते थोपटणे लगेच आवरते घेतले. काटेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. एवढे तरी पाणी अंगात उरले होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

"आता पेटी," वैद्यकीय अधिकारी म्हणाले.

"पेटीचं काय एवढं!" असे म्हणून काटेसाहेबांनी नेहमीप्रमाणे एका हाताने पेटी उचलायला घेतली. पेटी जागची हलली नाही. कोणी चेष्टेने आत दगड भरले असावेत असे वाटून त्यांनी वाकून पाहिले. मग दोन्ही हातांनी उचलली. शिपाई न राहवून पुढे झाला, त्याला त्यांनी डोळ्यांनी थांबवले. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोटरीत गोळा आला, छातीत काहीतरी फडफडले, थांबले, पुन्हा फडफडले. कोचच्या म्हणण्याप्रमाणे हे हृदय आनंदित झाल्याचे लक्षण होते. त्या आनंदात काटेसाहेब जिन्यावर आडवे झाले.

पेटी उघडली आणि वजने एकामागून एक पायऱ्या उतरू लागली; आधी दहा किलो, मग पाच, मग दोन, अगदी खात्याच्या क्रमाने. नखाएवढे वजन शेवटी आले. दोनशे ग्रॅमचे आजतागायत सापडलेले नाही. त्याबद्दल काटेसाहेबांकडून खुलासा मागवण्यात आला, तो ते रुग्णालयात शुद्धीवर येण्याआधीच.

ते शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाईन होते, छातीला तारा होत्या आणि समोर डॉक्टरबाई होत्या.

"काय घेत होतात?"

"विष काढत होतो."

"विष काढायला तुमच्याकडे एक यकृत आणि दोन मूत्रपिंडं आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जन्मापासून बिनतक्रार काम करतायत. तुम्ही त्यांचंच पाणी तोडलंत. गोळीने एका दारातून पाणी काढलंत, चहाने दुसऱ्या. त्या पाण्याबरोबर पोटॅशियम गेलं, आणि ते गेलं की हृदयाचा ठोका चुकायला लागतो. तुमचा चुकला. आणखी थोडा वेळ चुकला असता ना, तर मी हे तुमच्या बायकोला सांगत असते."

काटेसाहेबांनी हळूच विचारले, "पण अकरा किलो गेले, ते तर खरे?"

"गेले की. पाणी गेलं. दंडाचे, मांड्यांचे स्नायू गेले, म्हणून तर पेटी उचलेना. चरबी गेली थोडीशी." डॉक्टरबाईंनी पांघरुणावरून त्यांच्या पोटाकडे बोट दाखवले. "बाकीची आहे तिथेच आहे. उतरवायचंच होतं तर दोन घास कमी खायचे, रोज चालायचं, झोपायचं वेळेवर आणि महिन्याला किलो-दोन किलोवर समाधान मानायचं."

त्या गेल्यावर काटेसाहेब एकटेच हसू लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांत शिरून ज्यांनी बारदान आणि माल वेगळा केला, त्यांनी स्वतःचे अख्खे पोते काट्यावर चढवले होते आणि आकडा उतरला म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. काटा खरा होता. मोहोरही खरी होती. फक्त कमी झालेले वजन कशाचे, हे विचारायचे राहिले. माल गेला होता आणि बारदान शाबूत होते. "वजन किती, हे गाढवही सांगेल," ते मोठ्याने म्हणाले, आणि ते गाढव कोण हे कळून त्यांचे हसू मध्येच विरले. ते रडू लागले, तेव्हाच पत्नी आत आली.

तिने डबा टेबलावर आपटला. "रडा आता! अहो, मिशीसुद्धा काढलीत. मला कोणी विचारलं होतं का, किती किलोचा नवरा हवाय म्हणून? मला अख्खा हवा होता. बारदानासकट!" आणि मग तीही त्यांच्या पायाशी बसून रडली. मग तिने केळे सोलून त्यांच्या हातात दिले, आणि त्यांनी ते विष निमूटपणे खाल्ले.

निकाल यथावकाश लागला. कसोटी (अ): उत्तीर्ण. कसोटी (ब): अनुत्तीर्ण. बदली: अभिलेख कक्ष. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसण्याची मुभा आहे. काटेसाहेब आता तळघरात बसतात. गेलेले अकरा किलो काही महिन्यांतच परत आले आणि येताना सोबत दोन पाहुणे घेऊन आले. मिशीही परत आली. वरून बाजारातला आवाज येत नाही. फार शांत वाटले तर काटेसाहेब स्वतःच एक फडके घेऊन टेबल पुसतात. रोज कामाआधी ते चालून येतात, घरचे जेवतात, आणि जुन्या पेटीत थोडी थोडी वजने भरून ती जिन्याच्या दोन-चार पायऱ्या वर नेतात आणि खाली आणतात. हे फार हळूहळू चालले आहे. या पद्धतीला नाव नाही, गट नाही, चहा नाही, त्यामुळे तिची चौकशी करायला तळघरात कोणी उतरत नाही.

रसाची चौकशी मात्र सगळे करतात. रुग्णालयात जे जे भेटायला आले त्यांनी आधी "आता कसं वाटतंय?" असे विचारले, मग दार लोटले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "पण रस नक्की कशाचा होता?" वॉर्डबॉयने विचारले. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पेशंटने झोपल्या झोपल्या विचारले. वरिष्ठ दोनशे ग्रॅमच्या खुलाशासाठी आले होते, त्यांनीही विचारले. प्रस्तुत लेखक फुले घेऊन गेला होता. त्याने विचारले नाही, असे तो शपथेवर सांगू शकणार नाही. एकट्या साडूंनी तेवढे विचारले नाही. ते खाली मान घालून म्हणाले, "मी चौथ्या दिवशीच सोडलं होतं हो. पँट नवीन घेतली होती. दोन नंबर मोठी."

आता राहिली रसाची कृती. प्रस्तुत लेखकाने ती प्रमाणासह उतरवून घेतलेली आहे आणि शेवटी द्यायचे कबूलही केले आहे. वास्तविक एक कृती डॉक्टरबाईंच्या तोंडून एका वाक्यात वर येऊन गेली. ती काय होती हे आता आठवून पाहावे. बहुतेकांना आठवणार नाही, कारण तिथे रसाचा उल्लेख नसल्याने ते झरझर पुढे आले. माणूस जिन्यावर कोसळला, त्याच्या हृदयाचा ठोका चुकला, बायको रडली, हे सगळे वाचूनही ज्यांचा डोळा अजून प्रमाणावरच आहे, अशा चिकाटीच्या वाचकांना निराश करणे बरे नव्हे. कृती कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवली आहे. पेटी खाली जिन्यापाशीच आहे. ती घेऊन वर यावे. जिन्यात भिंतीला हात टेकू नये.